नवीन व्हीयू३, चौथा मजला, पन्नास हजारांचं बजेट : आधी काय घ्यावं?

नवा_कॉलसाइन
नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स हातात आलंय, कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होतो. मुलुंड पूर्वेला सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. गच्ची साधारण २२ मीटर लांब, ११ मीटर रुंद. सोसायटीला अजून काही विचारलेलं नाही. बजेट पन्नास हजार, ओढूनताणून पंचावन्न.

डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, टू मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपास) बोरिवलीच्या मित्राशी बोलणं. दोन, फोर्टी मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) महाराष्ट्रभर आणि जमलं तर बाहेर. आत्ता एक ड्युअल बँड हँडी (हातात धरायचा सेट) घ्यावी आणि एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ, फोर्टी मीटर त्यातलाच) १०० वॉटच्या सेटचे पैसे साठेपर्यंत थांबावं, की २० वॉटचा सेट लगेच घ्यावा? २० वॉटचा झेगू जी९० आणि १०० वॉटचा आयकॉम आयसी-७३०० या दोघांत मन अडकलंय.

उलटा_व्ही
अभिनंदन! पण प्रश्न उलट्या टोकाने विचारलाय. आधी तार कुठे जाणार ते ठरवा, मग केबल, मग वीज, आणि रेडिओ सगळ्यात शेवटी. मुंबईत रेडिओ पैसे टाकले की मिळतो, गच्ची पैसे टाकून मिळत नाही.

२० आणि १०० वॉटमधला फरक ७ डीबी (डेसिबल). एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणारं मीटर) एक काटा म्हणजे ६ डीबी, म्हणजे समोरच्याला तुम्ही जेमतेम एका काट्याने मोठे ऐकू येणार. तीच तार खिडकीच्या ग्रिलवरून गच्चीवर मोकळी ताणली तर याच्यापेक्षा जास्त फरक पडतो, आणि तो ऐकतानाही मिळतो. १०० वॉटने तुमचं ऐकणं सुधारत नाही. शिवाय तुमच्या ग्रेडला किती वॉटची मुभा आहे ते लायसन्सवर बघा. मोठा सेट घेतला तरी मेनूत जाऊन पॉवर खाली आणावी लागेलच.

त्यामुळे थांबू नका. जी९० पुरेसा आहे. आतला ट्यूनर आयसी-७३००च्या ट्यूनरपेक्षा बराच जास्त बिघडलेला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप, १ला १ उत्तम) सांभाळून घेतो. ७३००चा साधारण ३ला १ पर्यंतच जातो, आणि फ्लॅटमधल्या जुगाडी तारांना नेमकं तिथेच अडतं.

भायखळा_बेस
+१. खरेदी बिलासकट, लायसन्सची प्रत मागणाऱ्या विक्रेत्याकडूनच करा. ऑनलाइन वॉकीटॉकीविक्रीवर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्यात, ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून विकणाऱ्याच्या नादी लागू नका.

डेसिबलताई
केबलचा हिशेब कोणी मांडत नाही म्हणून मांडते. चौथ्या मजल्यावरून डक्टमधून वर जाऊन गच्चीच्या मधोमध पोचायला २५ मीटर केबल सहज लागेल. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ (पातळ कोॲक्स केबल) शंभर मीटरला सुमारे २० डीबी खाते, म्हणजे २५ मीटरला ५ डीबी. हँडीतून निघालेले ५ वॉट अँटेनापाशी दीड वॉट होतात. ४३५ला तर अर्ध्या वॉटच्या आसपास. त्याहून जाड आरजी-२१३ घेतली तर १४५ला ३ वॉट पोचतात, एलएमआर-४०० घेतली तर पावणेचार.

फोर्टी मीटरवर मात्र हीच आरजी-५८ २५ मीटरला जेमतेम १ डीबी खाते. तेव्हा एचएफसाठी आरजी-५८ खुशाल वापरा, टू मीटरसाठी आरजी-२१३ घ्या. दोन केबल, दोन कामं. एकाच जाड केबलवर स्विच लावून दोन्ही भागवता येतं, पण मग गच्चीवर दुसरा स्विच लागतो आणि तो पावसात राहतो.

लोहार_चाळ
केबलवाल्याची आरजी-६ प्रत्येक डक्टमध्ये लोंबत असते. नवी घेतली तरी स्वस्त. ती का नको?

डेसिबलताई
नको असं नाही. तोटा आरजी-२१३पेक्षाही किंचित कमीच असतो, १४५ला २५ मीटरला २ डीबीच्या आत. ५०ऐवजी ७५ ओहम असल्यामुळे एसडब्ल्यूआर दीडपर्यंत जाईल, त्याने रेडिओ मरत नाही. अडचण जोडणीत आहे. तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला कथील धरत नाही. एफ कनेक्टर दाबून बसवावा लागतो आणि त्यापुढे पीएल-२५९ला (आपला नेहमीचा कनेक्टर) जायला ॲडॉप्टर. मधली तार बऱ्याचदा तांबं चढवलेलं लोखंड. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम-पितळेचा सांधा एका पावसाळ्यात पांढरी भुकटी धरतो. नुसतं ऐकण्यासाठी किंवा खोलीतल्या खोलीत चालेल. गच्चीवर कायमची नको.

नवा_कॉलसाइन
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. म्हणजे हँडीला गच्चीवरची अँटेना लावण्यात अर्थ आहे की नाही?

तारेवरचा
आहे, आणि बोरिवलीसाठी तर लागेलच. तुम्ही आणि तुमचा मित्र यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर बसलेत. टू मीटर डोंगर वळसा घालून जात नाही. हॉलमध्ये बसून हँडीवर थेट बोलणं होणार नाही असंच धरून चाला. आरसीसीच्या सळ्यांचा पिंजरा आधीच सिग्नल खातो, त्यात डोंगर. दोघांच्या गच्चीवर अँटेना असली तरी भरवसा नाही. रिपीटर (उंचावरचं, ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारं स्टेशन) हाच खात्रीचा मार्ग, आणि तिथे तुम्हाला दोघांनाही फक्त रिपीटर दिसायला हवा, एकमेकांना नव्हे.

रिपीटरसाठी हँडीत तीन गोष्टी भराव्या लागतात : रिपीटरची आउटपुट फ्रीक्वेन्सी, ६०० किलोहर्ट्झचा ऑफसेट (ऐकण्या-बोलण्याच्या फ्रीक्वेन्सीतला फरक, तो उणे की अधिक ते विचारून घ्या) आणि सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर). टोन फक्त ट्रान्समिटला भरा. रिसीव्हलाही भरला आणि रिपीटर टोन परत पाठवत नसला, तर सेट मुका बसतो आणि माणूस समजतो रिपीटर बंद आहे. दुसरी नेहमीची चूक : चॅनेल ‘नॅरो’वर राहणं. तुमचा आवाज समोर दबका जातो, लोक ‘माइक जवळ घ्या’ सांगत राहतात आणि तुम्ही ओरडत राहता.

स्वस्त चिनी हँडी १३६ ते १७४ सगळीकडे ट्रान्समिट करते. आपल्याकडे टू मीटर १४४ ते १४६ आणि यूएचएफ ४३४ ते ४३८ एवढंच. १५६च्या पुढे बंदरातल्या जहाजांचे चॅनेल आहेत, १५६.८ हा त्यांचा आणीबाणीचा. मुंबईत बसून तिथे चुकून बटण दाबलं तर ते खरंच कोणाला तरी ऐकू जातं. चर्प सॉफ्टवेअरने ट्रान्समिटच्या मर्यादा बांधून टाका आणि कीपॅड लॉक ठेवा. प्रोग्रॅमिंग केबल सीएच३४० किंवा एफटीडीआय चिपची घ्या, नकली प्रॉलिफिक चिपची विंडोजवर ड्रायव्हरच धरत नाही.

आणखी एक. हँडीच्या इवल्याशा एसएमए सॉकेटला आरजी-२१३ थेट लटकवू नका. केबलच्या वजनाने सॉकेट बोर्डावरून उखडतं. मध्ये अर्धा मीटर आरजी-३१६ किंवा आरजी-१७४चा पिगटेल घाला. घेण्याआधी सॉकेट नर की मादी ते बघा : बाओफेंग यूव्ही-५आर वर नर असतं, येसूच्या बऱ्याच हँडींवर मादी.

भायखळा_बेस
चिनी हँडी की येसू, यावर शंभर धागे निघतील. एवढंच सांगतो : स्वस्त हँडीचं फिल्टरिंग तोकडं असतं. तिला गच्चीवरची अँटेना जोडली की आसपासच्या पेजर, टॅक्सी, मोबाइल टॉवर सगळ्यांच्या सिग्नलखाली रिसीव्हर दबतो. रबरी अँटेनावर जे स्टेशन स्वच्छ येत होतं ते मोठ्या अँटेनावर गायब होतं आणि दोष अँटेनाला लागतो. गच्चीवर अँटेना जाणारच असेल तर एफटी-६५आर सारखी हँडी घ्या. फक्त हातात धरून वापरणार असाल तर स्वस्तातली चालेल.

(पेजर आता उरले नाहीत, जुनी सवय.)

उलटा_व्ही
टू मीटरची अँटेना विकत घेऊ नका, एका दुपारचं काम आहे. एसओ-२३९ चेसिस सॉकेट, ३ मिलिमीटर जाडीची पितळी सळई, एम३चे चार स्टेनलेस स्क्रू-नट. मधल्या पिनेला उभी सळई ४९ सेंटिमीटर, चारही कोपऱ्यांना ५२ सेंटिमीटरच्या सळया, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. आडव्या ठेवल्या तर इंपीडन्स ३६ ओहमच्या आसपास राहतो, खाली वाकवल्या की ५०च्या जवळ येतो. वाकवायचं कारण तेवढंच. उभी सळई आधी ५१ कापा, मग ५-५ मिलिमीटर कापत १४५वर आणा.

लॅमिंग्टन रोडला सॉकेट-कनेक्टर मिळतील, सळई नागदेवी स्ट्रीटला. पीएल-२५९ घेताना आरजी-५८साठी रिड्यूसर वेगळा मागून घ्या, नाहीतर दुसरी फेरी. आणि २५ वॉटच्या कावियाने पीएल-२५९ची जाळी डाग देऊ नका. कनेक्टरचं अंग उष्णता ओढून घेतं, कथील वर नुसतं बसतं, आत धरत नाही. ६० वॉट तरी हवा. जोडून झालं की मल्टिमीटर लावा : पिन ते पिन शून्य ओहम, पिन ते बाहेरचं अंग जोड अजिबात दिसायला नको.

नवा_कॉलसाइन
धन्यवाद, हे करतोच. आता फोर्टी मीटर. २२ मीटरच्या गच्चीवर डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन बाजूंना ताणलेली तार) बसेल का? आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना काय सांगू? ते गच्चीवर कोणाला झाडाची कुंडी ठेवू देत नाहीत.

उलटा_व्ही
बसेल. १४२.६ला मेगाहर्ट्झने भागा : ७.१ला २०.१ मीटर, प्रत्येक बाजूला १०.०५. पण पीव्हीसीचं आवरण असलेली घरगुती वायर (१.५ चौरस मिलिमीटरची पुरे) थोडी आखूड लागते, किती ते आवरणावर आणि उंचीवर अवलंबून. म्हणून १०.५ मीटर कापा, वर चढवा, नॅनोव्हीएनएने (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) बघा. समजा एसडब्ल्यूआरचा खड्डा ६.९०वर दिसला. १०.५ गुणिले ६.९० भागिले ७.१० म्हणजे १०.२० मीटर. प्रत्येक बाजूने ३० सेंटिमीटर कमी करायचेत, पण आधी २० कापा, पुन्हा मोजा. किंवा कापूच नका, टोक मागे दुमडून तारेलाच पीळ द्या. हीच तार १५ मीटर बँडलाही चालते, तिसरा हार्मोनिक, फक्त खड्डा थोडा वर सरकलेला असतो, ट्यूनर सांभाळून घेतो.

नॅनोव्हीएनए वापरताना ६.५ ते ७.५ एवढाच स्पॅन ठेवून त्याच स्पॅनला ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन करा. स्पॅन बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा. आणि तो जोडलेला असताना रेडिओचं बटण दाबायचं नाही. एका सेकंदात खलास.

गच्चीचा स्लॅब म्हणजे सळयांची जाळी. इमारत २१ मीटर उंच असली तरी स्लॅबपासून दीड मीटरवर तार ताणली तर ती जमिनीवरच पडल्यासारखी वागते. मधला भाग ५-६ मीटर वर न्या, टोकं अडीच मीटरपर्यंत उतरली तरी चालतील. त्यालाच उलटा व्ही म्हणतात, माझं नाव त्यावरून.

डेसिबलताई
उलटा_व्ही, चोक राहिला! फीडपॉइंटला (केबल जिथे तारेला जोडते तिथे) चोक नसला तर केबलची बाहेरची जाळीच अँटेना होते आणि चारही मजल्यांचा गोंगाट डक्टमधून वर उचलते. एफटी२४०-३१ किंवा एफटी२४०-४३ कोअरवर आरजी-५८चे ११-१२ वेढे, झालं. जुन्या संगणकाच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लाय) पिवळी-पांढरी रिंग वापरू नका. ती लोखंडी भुकटीची असते, दिसायला तशीच, एचएफवर चोक म्हणून निरुपयोगी. लॅमिंग्टन रोडवर ‘फेराइट’ म्हणून सुटी विकली जाणारी रिंग कुठल्या मिश्रणाची ते विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. दहा वेढे घालून नॅनोव्हीएनएवर बघा, मगच डब्यात बंद करा.

खारे_वारे
सेक्रेटरींच्या बाबतीत : तोंडी विचारू नका, अर्ज द्या. लायसन्सची प्रत, गच्चीचा हाताने काढलेला नकाशा, आणि एक ओळ ठळक : ‘वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार नाही.’ त्यांना रेडिओची भीती नसते, सातव्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गळण्याची असते.

भोक न पाडता खांब उभा करायचा तर २० लिटरचा रंगाचा रिकामा डबा. मध्ये दोन इंची जीआय पाइपचा मीटरभर तुकडा उभा धरून काँक्रीट ओता. भरला की ४८ किलोच्या आसपास जातो, म्हणून तो गच्चीवर नेऊनच भरा. खाली जुन्या टायरचा किंवा रबरी पायपोसाचा तुकडा. त्या पाइपला मांडवाचा बांबू दोन ठिकाणी क्लँपने बांधा. बांबूला कठड्याकडे तीन ताण. फक्त वजनावर विसंबू नका, जूनमधलं पहिलं वादळ डब्यासकट आडवं करतं. ताण बांधायला टाकीची शिडी चालेल, इमारतीच्या वीजवाहकाला मात्र काहीही बांधू नका.

लिफ्टची मशीनरूम कुठे आहे ते बघून तार तिच्यापासून जितकी लांब जाईल तितकी न्या. नव्या लिफ्टचे व्हीएफडी ड्राइव्ह (मोटारचा वेग सांभाळणारे) फोर्टी मीटरवर करकर करतात, लिफ्ट हलली की सुरू, थांबली की बंद. त्यावरून लगेच ओळखू येतं.

लोहार_चाळ
गच्ची नाकारली तर? खिडकीतून एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेली तार)?

उलटा_व्ही
होतं. ४९ला १ अनअन (इंपीडन्स बदलणारा ट्रान्सफॉर्मर), एफटी२४०-४३वर २ आणि १४ वेढे, प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा हाय-व्होल्टेज कपॅसिटर, २०.२ मीटर तार, २ मीटरचा काउंटरपॉइझ (परतीची तार). चाळीस, वीस, पंधरा, दहा चारही बँड मिळतात. पण फीडपॉइंटला इंपीडन्स २५०० ओहमच्या घरात असतो. २० वॉटलाही तिथे सव्वादोनशे व्होल्ट उभे राहतात, १०० वॉटला पाचशे. लोखंडी ग्रिलला तार टेकली तर एसडब्ल्यूआर तर जातोच, आणि कोणी कपडे वाळत घालताना हात लावला तर आरएफचा चटका बसतो. ग्रिलपासून अर्धा मीटर बाहेर पीव्हीसी पाइपावर काढा, कोणाचाही हात पोचणार नाही असं.

भायखळा_बेस
विजेचं कोणी बोललं नाही. जी९० पूर्ण पॉवरला ८ अँपियरपर्यंत ओढतो, १०० वॉटचा सेट २०-२२. एलईडी पट्ट्यांसाठीचा जाळीदार एसएमपीएस स्वस्त मिळतो, १३.८वर आणताही येतो, पण बहुतेकांचा गोंगाट बँडभर ठिपक्याठिपक्याने ऐकू येतो. घ्याल तर परत करण्याच्या बोलीवर घ्या. जी९०ला त्याहून बरा उपाय म्हणजे १२.८ व्होल्टची २० अँपियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. आवाज शून्य, दिवे गेले तरी स्टेशन चालू.

वायर जाड ठेवा. २.५ चौरस मिलिमीटरची ५ मीटर वायर, जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.०७४ ओहम. २० अँपियरला दीड व्होल्ट गायब. सेट बोलताना मध्येच रीस्टार्ट होतो ते यामुळे, बिघाड नसतो. ६ चौरस मिलिमीटर घेतली तर तोटा ०.६ व्होल्ट. जी९०ला वायर दीड मीटरच ठेवणार असाल तर २.५ पुरे. फ्यूज दोन्ही तारांना, बॅटरीच्या टोकाला.

बॅटरी असली की गोंगाटाचा शोधही सोपा. सेट बॅटरीवर, ७.१ लावा, घराचा मेन स्विच खाली करा. आवाज पडला तर चोर घरात आहे : एकेक एमसीबी वर करत जा. एलईडी बल्ब, लॅपटॉपचा चार्जर, राउटरचा ॲडॉप्टर, बहुधा याच क्रमाने. आवाज तसाच राहिला तर शेजारी, आणि तिथे मेन स्विच आपल्या हातात नाही.

तारेवरचा
कोणी यूबिटेक्स सुचवला नाही? हैदराबादच्या अशहर फरहान यांचं डिझाइन, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, १० वॉटच्या आसपास. बोर्ड तयार येतो, डबा आणि जोडणी आपली. शिकायला याच्यासारखं दुसरं नाही, आणि जी९०च्या कितीतरी कमी पैशांत.

डेसिबलताई
दुसरा सेट म्हणून जरूर, पहिला म्हणून नको. नवीन माणसाला आवाज गेला नाही तर दोष अँटेनात, माइकमध्ये की बोर्डात हे कळायला एक तरी खात्रीचा भाग हवा. जुना बोर्ड सेकंडहँड मिळाला तर आवृत्ती विचारा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत रिलेंच्या मांडणीमुळे हार्मोनिक फिल्टरला बगल देऊन बाहेर पडत. नंतर ते सुधारलं.

तारेवरचा
मान्य, अर्धं.

खारे_वारे
पावसाळ्याचं सांगून ठेवतो, कारण मे संपेपर्यंत कोणाला आठवत नाही. पीएल-२५९ला पाणी अडवता येत नाही. आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, रुंदी निम्मी होईपर्यंत ताणून, खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो. वरून काळी पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप एका उन्हाळ्यात सुटते. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी झोळातून टपकेल, खिडकीतून आत येणार नाही. चोकच्या डब्याला तळाशी ३ मिलिमीटरचं भोक. पूर्ण बंद डब्यात आर्द्रतेचं पाणी साठतं आणि बाहेर निघत नाही.

नट-बोल्ट स्टेनलेस, शक्यतो ३१६. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमला आवळू नका, मध्ये स्टेनलेस वॉशर. ताण द्यायला पांढरी नायलॉन दोरी नको, उन्हात पिठूळ होते आणि भिजली की ढिली पडते. काळी पॉलिएस्टर घ्या. मुसळधार पावसात डायपोलचा खड्डा थोडा खाली सरकलेला दिसेल, ते ओल्या आवरणामुळे. लगेच कात्री लावू नका. गडगडाट ऐकू आला की केबल काढून खिडकीबाहेर, रेडिओपासून लांब. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

नवा_कॉलसाइन
सगळ्यांचे आभार. यादी अशी केलीय : जी९०, २० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि चार्जर, नॅनोव्हीएनए, आरजी-५८ ३० मीटर, डायपोलची वायर, एक एफटी२४०-३१, कनेक्टर. हँडी आणि आरजी-२१३ दिवाळीनंतर. काही सुटलं का?

भायखळा_बेस
डमी लोड, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा ५० ओहमचा भार. विकतचा नको. १ किलोओहमचे २ वॉटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये समांतर डागले की ५० ओहम, ४० वॉट. वायरवाउंड देऊ लागला तर घेऊ नका, तो गुंडाळी असतो, एचएफवर ५० ओहम दिसतच नाही. पहिला ट्रान्समिट त्यावर करा, अँटेनावर नव्हे.

डेसिबलताई
आणि चार्जर लिथियम आयर्न फॉस्फेटचाच, १४.६ व्होल्टला थांबणारा. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा जोडू नका.

खारे_वारे
अर्ज दिलात की मॅनेजिंग कमिटीची पुढची बैठक कधी ते विचारून घ्या, आणि तोपर्यंत तार कापून, मोजून, गुंडाळून ठेवा. परवानगी आली की बांबू आणायला भाड्याचा टेम्पो पुरतो, सहा मीटरचा बांबू लिफ्टमध्ये जात नाही. जिन्यातूनही वळत नाही. दोरीने बाहेरून वर ओढावा लागतो, खाली एक माणूस उभा करून, रविवारी सकाळी गाड्या निघायच्या आधी.